बाहुलीत जीव यावा म्हणून

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात सगळ्यांत जास्त फोटो जिचे निघतात ती बाई 29 सेंटिमीटर उंच आहे. गोरा रंग, घारे डोळे. कोकणात याचं कुणाला नवल नाही. केस पिवळेधमक होते, ते वहिनींनी काढून टाकले आणि काळ्या रेशमी दोऱ्यांचा अंबाडा बसवला. नाव कमळी. काम एकच, नऊवारी नेसून उभं राहणं.

वहिनी बाहुल्यांची नऊवारी पातळं शिवून विकतात. नातीच्या वाढदिवसाला, रुखवतात मांडायला, कुठे कुठे जातात. शिवण त्यांची, नेसवणं त्यांचं, हिशेब त्यांचा. फोटो तेवढे माझ्याकडे, कारण बरा कॅमेरा असलेला फोन घरात माझाच आणि "संध्याकाळी भाऊजी मोकळेच असतात." काजूच्या कारखान्यात दिवसभर आकडे लिहून आलेला माणूस मोकळा नसतो, संपलेला असतो. पण दिराचं कोण ऐकतो?

तसं सगळं सुरळीत चाललं होतं. कमळीला उभी करायची, वरून फोटो मारायचा, पाठवून द्यायचा. मग डोंबिवलीच्या एका ताईंचा निरोप आला: "साडी फारच गोड! पण बाहुली अगदीच बाहुली दिसतेय हो. जरा जिवंत वाटेल असा फोटो पाठवाल का?"

बाहुली बाहुली दिसली तर बिघडलं कुठे, हा माझा प्रश्न वहिनींनी कानाआड केला. रुखवताची ऑर्डर होती.

पहिली अडचण उभं राहण्याची. एसटीची वाट बघणारं कुणीही बघा. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन माणूस उभा राहतच नाही. एक गुडघा ढिला, एक बाजू कमरेत वर, मान कलती. कमळी मात्र कायम झेंडावंदनाला आल्यासारखी. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना 2021 साली त्या कलेसाठी पद्मश्री मिळाली. त्या लाकडी बाहुल्यांचा चेहरा खेळभर तसाच राहतो, तरी राग कळतो, लाज कळते. सगळी किमया मानेच्या झुकण्यात आणि हात किती सावकाश खाली येतो त्यात. ते बघून आलो आणि मोठ्या आशेनं कमळीची मान कलती केली. मान हातात आली. जत्रेतल्या बाहुलीची मान म्हणजे खुंटीवर बसवलेलं डोकं, आणि गुडघा द्यायला तर कारखानदार विसरलेलाच. शेवटी वहिनींनी डाव्या टाचेखाली अर्धा चिंचोका सरकवला. एवढ्यानं कमळीची कंबर अशी काही हलली की मला उगाचच नजर वळवावीशी वाटली.

दुसरी अडचण कापडाची. खरं नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास. कमळी माणसाच्या साधारण सहाव्या हिश्शाची, म्हणजे तिला दीड मीटरच्या आतलं पातळ पुरतं. लांबी-रुंदीचा हिशेब जमतो, पण कापडाची जाडी आणि वजन काही त्या हिशेबात येत नाही. निऱ्या खाली पडायच्या सोडून फुलून बसतात आणि आतले दोन पाय चिमट्यात धरल्यासारखे दिसतात. वहिनींनी यावर काढलेला तोडगा सरळ स्वयंपाकघरातला. धुऊन धुऊन विरत आलेलं मलमल घ्यायचं, पेजेच्या निवळीत बुडवायचं, कमळीला थर्माकोलवर आडवी करून एकेक निरी टाचणीनं टोचायची आणि वाळवायचं. निऱ्या अशा पडतात की बघत राहावं. पेजेच्या वासानं मुंग्याही येतात. घरातली साधी काळी मुंगी फोटोत मुंगळ्याएवढी होते हे मला तेव्हा कळलं.

पण खरा जीव डोळ्यांत. चतुर्थीच्या आधीचे दिवस होते, म्हणून कमळीला पिशवीत घालून आमच्या वाडीतल्या गणपतीच्या शाळेत गेलो. मूर्तिकार डोळ्यांच्या आखणीला बसले होते. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नसतं, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा असतो. हातातला गणपती पुरा झाल्यावर त्यांनी कमळीकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "डोळे चमकाक होये, गाल नको." मग ब्रशच्या दांड्यानं तिच्या बुबुळातला पांढरा ठिपका दाखवला. "ह्यो ठिपको डाव्या अंगाक हा. उजेड थयसूनच येवक होयो."

तीन वाक्यांत शास्त्र संपलं. बाहुलीच्या डोळ्यात चमक आधीच रंगवलेली असते. ती एका बाजूला आणि ऊन दुसऱ्या बाजूला, असं झालं की बघणाऱ्याला काय चुकलंय ते कळत नाही, पण चुकलंय हे कळतं. प्लॅस्टिकच्या गालावर चमक आली की मेणाची बाई. डोळ्यात नसली की मेलेली बाई. घरी येऊन गालांना पावडर फासली, बुबुळांवर बिनरंगाच्या नेलपॉलिशचा थेंब लावला आणि तिला खिडकीच्या उजव्या अंगाला उभी केली. खिडकीचा चौकोन तिच्या बुबुळात उतरला. फोननं ताबडतोब तिच्या चेहऱ्याभोवती चौकट आखली. थोड्या वेळानं गॅलरीनं विचारलं, "ही व्यक्ती कोण? नाव द्या," आणि त्याच व्यक्तीचे म्हणून आमच्या आत्येचे दोन फोटो शेजारी लावले.

त्या रात्री आईनं जेवताना ताट फिरवून घेतलं. "ती माझ्याकडे बघता. तिचा तोंड भिंतीकडे कर." मासाहिरो मोरी नावाच्या जपानी यंत्रमानव-संशोधकानं 1970 मध्ये मांडलं होतं की माणसासारखी दिसणारी वस्तू माणसाच्या जवळ येत जाते तशी ती आवडत जाते, पण अगदी जवळ येऊन थोडक्यात राहिली की एकदम अंगावर काटा येतो. आईनं मोरी वाचलेला नाही. तिला काट्यानंच कळलं. कमळी तेव्हापासून रात्री भिंतीकडे तोंड करून असते, शिक्षा झालेल्या पोरीचे असतात तसे खांदे पाडून. खांदे पडत नाहीत खरं म्हणजे. नेलपॉलिशनंतर मला तसे दिसायला लागले.

पुढे ताईंची फर्माईश आली, मागे समुद्र हवा. सागरेश्वरच्या किनाऱ्यावर गेलो. बाहुली जिवंत दिसायची तर कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, म्हणजे छायाचित्रकार वाळूत पालथा हवा. शिवाय जवळ जायचं नाही. तिच्यापासून वीतभर अंतरावर फोन धरणं म्हणजे एखाद्या बाईच्या चार फुटांवर उभं राहून अख्खा फोटो काढणं. डोकं मोठं आणि पाय बारके येतात. मागे सरकायचं आणि झूम करायचं. मी पालथा, मागे मागे सरपटतोय, समोर लांबवर नऊवारीतली कमळी. सुरूच्या बनातून फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "काय रे, चक्कर इली काय?" फोटो काढतोय म्हटल्यावर त्यांनी माझ्या नजरेच्या रेषेत बघितलं, पुन्हा मला बघितलं आणि काही न बोलता आपल्या बायकोला पलीकडच्या बाजूनं घेऊन गेले.

एवढं करून फोटो फसले, आणि कमळीचा त्यात काडीचा दोष नव्हता. दोष समुद्राचा. सहाव्या हिश्शाच्या बाईशेजारी जे जे येईल ते सहापट होतं. वाळूचा मिलिमीटरभर कण खडीचा खडा होतो. सुरूची काडी म्हणजे बांबू. पाण्याचा थेंब काही तिच्यासाठी लहान व्हायला तयार नसतो. तिच्या पदरावर उडालेला शिंतोडा फोटोत सुपारीएवढा आला. लाटेचं तर विचारूच नका. सिनेमावाले छोट्या बोटींची मोठी वादळं करतात तेव्हा चित्रण जास्त वेगानं करून सावकाश दाखवतात, सहाव्या हिश्शाला जवळजवळ अडीचपट वेगानं, म्हणजे पाणी जड वाटतं. स्थिर फोटोत ती सोय नाही. त्यात वाळूतली एक पांढरी कुर्ली बिळातून निघाली, कमळीपाशी थांबली आणि दोघींचा फोटो असा आला की एखादी गरती बाई आपला आठ पायांचा कुत्रा फिरवायला निघालीय.

मला या सगळ्या खटाटोपात पटलेली गोष्ट एवढीच: बाहुलीला रंगवून, वाकवून जीव येतो तो निम्माच. उरलेला निम्मा शेजारच्या वस्तूंच्या हातात असतो, आणि शेजारी कधी कुणाचं भलं करतात? लहान बाईला लहान जग शोधून द्यावं लागतं. ते आमच्या तिठ्यावर, तीन वाटा मिळतात तिथे, सापडलं. वडाखाली चिऱ्याचा जुना गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे. पावसात त्यावर शेवाळ येतं, त्याची कमळीला हिरवळ होते. चिऱ्याच्या फटीत इवलासा नेचा उगवतो, त्याची झाडी होते. वडाची कोवळी पारंबी म्हणजे अख्खा खांब. आणि सुपारी म्हणजे, मापाला माप, सोललेला नारळ.

उजेड संध्याकाळचाच हवा. सूर्य मावळायच्या आधीच्या तासाभरात ऊन खालून तिरपं येतं, पिवळं होतं, टोचत नाही. जगभरचे फोटोवाले त्या वेळेसाठी जीव टाकतात. आमच्याकडे त्या वेळी केस विंचरायचे नाहीत, उंबऱ्यावर बसायचं नाही, आणि वडाखाली जायचं तर नाहीच. शिवाय पितृपक्ष चालू होता. पण भाद्रपद सरला की शेवाळ सुकतं, ते माझ्यासाठी थांबणार नव्हतं.

तर असं चित्र होतं. गडग्याच्या पायथ्याशी हिरव्या पातळातली कमळी, कपाळाला ठसठशीत कुंकू. पुढ्यात सोललेल्या नारळाच्या जागी सुपारी. डोळ्यांत चमक यावी म्हणून डाव्या अंगाला पणती, आणि पणती वाऱ्यानं विझू नये म्हणून भोवती हळदीची पानं. मी रस्त्याच्या कडेच्या चरात पालथा, अंगावर काळं घोंगडं, कारण पांढऱ्या शर्टाची चमक कमळीच्या गालावर पडत होती. फोटो उत्तम आला. कंबर कलती, बुबुळात ज्योत, मागे पारंब्या. दुसरा घेणार तेवढ्यात शेजारचे तात्या सायकलवरून तिठ्यावर आले.

त्यांनी आधी पणती बघितली. मग सुपारी, मग कुंकू. मग कमळीनं त्यांच्याकडे बघितलं. तात्यांनी सायकल सोडून दिली. घाबरू नका सांगावं म्हणून मी चरातून उठलो, घोंगड्यासकट. माणूस समजावायला उठलाय की खायला, हे अंधारात कळत नाही. सत्तरीचे तात्या त्या चढावर जसे पळाले तसं पळताना मी त्यांना माझ्या लहानपणीही पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिठ्यावर वाडी जमली. कुणीतरी करणी केलीय यावर एकमत होतं, कुणावर याबद्दल तीन मतं होती, आणि त्या निमित्तानं हद्दीची दोन जुनी भांडणं वर आली. नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तिठ्यार जर कोणी वायट वाकडा केला असात, तर ता दूर कर रे म्हाराजा!" सगळ्यांबरोबर मीही म्हटलं, "व्हय म्हाराजा!" कमळी तेव्हा माझ्या विजारीच्या खिशात होती, डोकं खाली करून.

तात्यांना मी हसत नाही. 1917 साली इंग्लंडात कॉटिंगली नावाच्या गावात मावसबहिणी असलेल्या दोन पोरींनी कागदाच्या पऱ्या कापल्या, टोपीच्या टाचण्यांनी झाडोऱ्यात उभ्या केल्या आणि फोटो काढले. शेरलॉक होम्स लिहिणारा कॉनन डॉयल त्या पऱ्या खऱ्या मानून बसला. कागदाच्या होत्या हे पोरींकडून कबूल व्हायला 1983 उजाडलं. डॉयलनं तर दिवसाउजेडी, खुर्चीत बसून नुसते फोटो बघितले होते. तात्यांपुढे प्रत्यक्ष कमळी होती, आणि पितृपक्ष.

तो वडाखालचा फोटो डोंबिवलीला गेला. वहिनी फोन पुढ्यात घेऊन बसल्या. दोन निळ्या खुणा आल्या, टायपिंग सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग उत्तर आलं: "फोटो अप्रतिम! पण ह्या कोण बाई? मला बाहुलीचा हवाय हो. अशानं साइझच कळत नाही. शेजारी काहीतरी ठेवून काढा ना, काडेपेटी वगैरे."

वहिनींनी माझ्याकडे बघितलंही नाही. कमळीला चुलीशेजारच्या ओट्यावर उभी केली, बाजूला काडेपेटी ठेवली आणि स्वतःच्या जुन्या फोनवर वरूनच एक फोटो मारला. पणती नाही, चिंचोका नाही, गालावर ट्यूबलाइटची ही एवढी चमक. ऑर्डर तिथल्या तिथे पक्की झाली. रुखवतात जोडीच मांडायची म्हणून ताईंनी शेजारी नवरदेवही सांगितलाय. त्याचं धोतर सध्या पेजेत भिजतंय. "ह्याचे मात्र फोटो नीट काढा हं," असं त्यांनी खाली लिहिलंय, "नवरा जरा जिवंत वाटायला हवा."