"सायलेन्सरमध्ये लाखाचं प्लॅटिनम" : त्या मेसेजमधला एकेक दावा घेऊन बोलू

जुनी गाडी स्क्रॅपला द्यायची वेळ आली की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. थोडक्यात तो असा: "सावधान! तुमच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये ५ ते १० ग्रॅम प्लॅटिनम असतं, सोन्याहून महाग. भंगारवाला लोखंडाच्या भावात घेतो आणि स्वतः लाखभर कमावतो. गाडी जितकी जुनी तितका माल जास्त. आधीच गॅरेजवाल्याकडून काढून घ्या, साधा पाईप टाका, गाडीला काही होत नाही, उलट ॲव्हरेज वाढतं. माती ॲसिडमध्ये टाकून घरीच प्लॅटिनम काढता येतं." खाली हात जोडलेले इमोजी आणि "सर्वांना पाठवा".

मी जुन्या पार्टच्या धंद्यात आहे, कन्व्हर्टर, म्हणजे गाडीच्या धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, रोज हातात असतात, आणि हा मेसेज वाचून लोक फोन करतात तेव्हा खरंच वाईट वाटतं कारण यातली एक गोष्ट खरी आहे आणि तिच्या जोरावर बाकीचं सगळं लोकांच्या गळी उतरतं. खरी गोष्ट ही की कन्व्हर्टरला किंमत असते आणि तो लोखंडाच्या भावात देऊ नये. बाकीचं आता बघू.

"सायलेन्सरमध्ये प्लॅटिनम असतं"

मागचा मोठा डबा, ज्यातून धूर बाहेर पडतो, त्यात काहीच नसतं, पत्रा आणि आवाज दाबायची जाळीबिळी. माल असतो तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, इंजिनजवळ एक्झॉस्टच्या लाइनमध्ये, नवीन गाड्यांत तर इंजिनमधून धूर जिथे बाहेर पडतो त्या मॅनिफोल्डलाच चिकटलेला. कापला तर आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वडी दिसते, रंग करडा ते तपकिरी, भोवती पांढरट तंतूंची गादी गुंडाळलेली. बाजारात या वडीला माती म्हणतात. धातू त्या भोकांच्या भिंतींवर लेपासारखे बसवलेले असतात, डोळ्यांना दिसतच नाहीत. आणि तीन धातू असतात, प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम. पेट्रोल गाडीत बहुतेकदा पॅलेडियमच जास्त असतं आणि नायट्रोजन ऑक्साइड हा विषारी वायू कमी करण्यासाठी थोडं रोडियम, प्लॅटिनम कमी किंवा नसतंच. डिझेलच्या ऑक्सिडेशन कन्व्हर्टरमध्ये मात्र प्लॅटिनम-पॅलेडियम असतं, रोडियम नसतं. म्हणजे लोक ज्या प्लॅटिनमच्या आशेवर पेट्रोल हॅचबॅक घेऊन येतात ते त्यात जेमतेम असतं.

आणि "सोन्याहून महाग" हे तर प्लॅटिनमच्या बाबतीत २०१५ पासून खरं नाही, तेव्हापासून सोनंच वर आहे. रोडियम महाग आहे, पण ते मिलीग्रॅममध्ये मोजायची वेळ येते.

"५ ते १० ग्रॅम असतं, लाखभर मिळतात"

इथे जरा सावकाश, कारण खरी फसवणूक या आकड्यात होते, दोन्ही बाजूंनी.

कन्व्हर्टरची किंमत लोखंडाच्या वजनावर ठरत नाही आणि गाडीच्या नावावरही पूर्ण ठरत नाही. आतल्या मातीचं वजन किती आणि त्या मातीत धातू किती पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, यावर ठरते. समजा छोट्या पेट्रोल गाडीची माती ८०० ग्रॅम निघाली आणि तपासणीत पॅलेडियम १२०० पीपीएम, रोडियम १५० आणि प्लॅटिनम १०० आलं. मग पॅलेडियम झालं ०.९६ ग्रॅम, रोडियम ०.१२ ग्रॅम, प्लॅटिनम ०.०८ ग्रॅम. सगळं मिळून सव्वा ग्रॅमसुद्धा नाही. आता हिशोब सोपा व्हावा म्हणून पॅलेडियम आणि प्लॅटिनम ४००० रुपये ग्रॅम धरू आणि रोडियम २०,००० रुपये ग्रॅम. होतात ३८४० अधिक ३२० अधिक २४००, म्हणजे ६५६० रुपये. हे सुद्धा शंभर टक्के धातू निघाला तर. त्यातून माती वितळवून धातू वेगळे करणाऱ्या रिफायनरीचा खर्च जातो, वितळवताना थोडा धातू सुटतो, पैसे यायला आठवडे लागतात तोवर भावाचा धोका असतो, मधल्या दोन-तीन हातांचा नफा असतो. तुमच्या हातात याच्या निम्म्याच्या वर काहीतरी येईल. भाव तुम्ही त्या दिवशीचे टाका, पद्धत हीच.

आता उलटा हिशोब करा. ८०० ग्रॅम मातीत १० ग्रॅम धातू हवा असेल तर तो सव्वा टक्का झाला, १२,५०० पीपीएम. गाड्यांच्या मातीत प्रमाण साधारण एक टक्क्याच्या बऱ्यापैकी खालीच असतं. कन्व्हर्टरचा आकार इंजिनच्या आकारावर जातो, आपल्याकडच्या हजार-बाराशे सीसीच्या गाडीत अमेरिकेतल्या पाच लिटरच्या ट्रकएवढा माल कुठून येणार?

आकडा आला कुठून तेही सांगतो. २०२१-२२ मध्ये अमेरिकेत कन्व्हर्टर चोऱ्यांनी धुमाकूळ घातला होता, प्रियससारख्या हायब्रिड गाड्या खास टार्गेट व्हायच्या, त्यांचे व्हिडिओ इकडे आले. आणि तेव्हा भाव खरंच आभाळाला भिडलेले. जगातलं बहुतेक रोडियम दक्षिण आफ्रिकेतून येतं, २०२० च्या सुरुवातीला तिथल्या अँग्लो अमेरिकन प्लॅटिनमच्या प्लांटमध्ये स्फोट झाला, पुरवठा अडला, त्यात चीन-युरोपात प्रदूषणाचे नियम कडक होत होते, मग मार्च २०२१ ला रोडियम औंसाला २९,००० डॉलरच्या आसपास गेलं. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. पॅलेडियम मार्च २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा, ३००० डॉलरच्या वर. त्यानंतर? २०२३ संपेपर्यंत रोडियम ५००० च्या खाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅलेडियम हजाराच्याही खाली. २०२५ मध्ये परत चढले ते वेगळं. त्यामुळे २०२१ चा स्क्रीनशॉट दाखवून आज कुणी भाव मागत असेल, किंवा २०२४ चा पडलेला भाव सांगून आज कुणी माल घेत असेल, दोन्ही चूकच. व्यवहाराच्या दिवशी फोनवर तिन्ही धातूंचे भाव काढा, दोन मिनिटांचं काम आहे.

"गाडी जितकी जुनी तितका माल जास्त"

अजिबात नाही. भारतात १ एप्रिल १९९५ पासून कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो फक्त दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई या चार महानगरांत नवीन पेट्रोल कारला, कारण शिसंविरहित पेट्रोल आधी तिथेच मिळायला लागलं. शिशामुळे कन्व्हर्टर निकामी होतो. देशभर शिसंविरहित पेट्रोल २००० साली आलं. म्हणजे ९६ ची सांगली किंवा नांदेड पासिंगची गाडी असेल तर तिच्यात कन्व्हर्टर नसण्याचीच शक्यता जास्त, आणि तुम्ही आजोबांच्या गाडीखाली खजिना शोधताय. १५-२० वर्षं वापरलेल्या गाडीत अजून एक भानगड, ओरिजिनल कन्व्हर्टर कधीतरी बदललेला असतो आणि बाजारातला स्वस्तातला बसवलेला असतो, त्यात धातू नावालाच.

"भंगारवाला लुटतो"

काही लुटतात, हो, आणि त्याचा मला खरा राग आहे. पण सगळ्यांना चोर म्हणून काही होणार नाही, आपल्याला माल ओळखता आला पाहिजे. कन्व्हर्टर हातात घेऊन हलवा. खुळखुळ वाजला तर माती फुटलीय. टॉर्च लावून दोन्ही तोंडांतून बघा, वडी पूर्ण आहे, अर्धी आहे की डबा रिकामाच आहे, कारण फुटलेले तुकडे एक्झॉस्टमधून बाहेर पडतात आणि तेवढा पैसा रस्त्यावर गेलेला असतो. वडी जळून, वितळून गोळा झाली असेल तर मात्र घाबरू नका, धातू उडून जात नाही, माती जागेवर असेल तर किंमत असतेच, त्यामुळे "जळलाय, शून्य भाव" असं कुणी म्हटलं तर दुसरीकडे जा. सिरॅमिकऐवजी आत पातळ धातूच्या पत्र्याची गुंडाळी असेल तर वेगळा करायला त्रास असतो, भाव वेगळा लागतो.

मग डब्यावर किंवा पाईपवर कोरलेला नंबर बघा, घासून पुसून त्याचा स्वच्छ फोटो काढा. जाणकार घेणारा या नंबरवरूनच भाव सांगतो कारण त्या नंबरचे आधीचे रिझल्ट त्याच्याकडे असतात. जो नंबर न बघता किलोवर भाव सांगतो त्याला एक तर कळत नाही किंवा तुम्हाला कळत नाही असं त्याला वाटतं. कुर्ल्यात विचारा, पुण्यात दोन ठिकाणी विचारा, तोच फोटो पाठवा, भावात किती फरक येतो ते स्वतः बघा.

एक-दोन नग असतील तर तपासणी मागू नका, परवडत नाही. पण गॅरेजवाले, ज्यांच्याकडे महिन्याला ढीग जमतो, त्यांनी जरूर लॉटवर विकावं. सगळी माती काढून दळतात, नीट मिसळतात, त्यातून नमुना घेतात, एक भाग विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा आणि एक सीलबंद तिसऱ्या लॅबसाठी, वाद झाला तर. धातूचं प्रमाण दाखवणारं मशीन नुसतं अख्ख्या वडीला टेकवून आलेल्या रीडिंगवर सौदा करू नका, दळलेल्या पावडरचं रीडिंग वेगळं येतं.

"घरी ॲसिडमध्ये टाकून काढता येतं"

कृपा करून नको. व्हिडिओत दाखवतात ते नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण असतं, त्यातून क्लोरीन आणि नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, फुप्फुसं जातात. प्लॅटिनमच्या क्षारांनी दम्यासारखी ॲलर्जी होते, ती रिफायनरीतल्या कामगारांमध्ये ओळखला गेलेला व्यावसायिक आजार आहे. मातीची धूळ आणि ती पांढरी गादीसुद्धा मास्कशिवाय हाताळू नये. आणि एवढं करून निघणार काय, गाळणीवर एक ग्रॅमचा काळा चिखल, तो कुठलाच सोनार घेत नाही. मोठे रिफायनर माती प्रचंड तापमानाच्या भट्टीत लोखंड किंवा तांब्याबरोबर वितळवून धातू त्यात ओढून घेतात आणि मग तिन्ही वेगळे करतात. ते बाल्कनीत होत नाही.

"काढून टाका, गाडीला काही होत नाही"

चालू गाडीतून काढायचं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड जसाच्या तसा मागच्या रिक्षातल्या बाईच्या आणि तिच्या लेकराच्या तोंडावर सोडायचा. ॲव्हरेज वाढत नाही. बीएस ४ च्या नंतरनंतरच्या वर्षांतल्या आणि बीएस ६ च्या गाड्यांत कन्व्हर्टरच्या पुढे-मागे ऑक्सिजन सेन्सर असतात, मागच्याला फरक कळतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. पीयूसीत अडकाल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये प्रदूषणाचे निकष मोडून गाडी चालवली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स जाऊ शकतं. आणि परत ओरिजिनल कन्व्हर्टर बसवायला गेलात तर विकून मिळालेल्याच्या कितीतरी पट पैसे लागतात.

या मेसेजचा दुसरा परिणाम जास्त त्रासदायक आहे. मारुती ईकोचा सायलेन्सर (कन्व्हर्टरसकट) चोरीला जाण्याच्या बातम्या पुणे-पिंपरीत, मुंबईत, गुजरातेत कितीदा आल्यात, गाडी उंच, पार्ट खाली हाताला येणारा, रात्रीत काढून नेतात. ज्यांच्या जातात ते बहुतेक शाळेच्या मुलांची ने-आण करणारे, दूध-भाजी वाहणारे लोक, सकाळी स्टार्ट मारली की रणगाड्यासारखा आवाज येतो आणि तो दिवस बुडतो. "लाखाचा माल" असं छातीठोकपणे पसरवलं की अशा चोराला गिऱ्हाईकही मिळतं. म्हणून घेणाऱ्यांनी सुटा कन्व्हर्टर आला की आरसीची झेरॉक्स, ओळखपत्र आणि फोटो घ्यावाच. चोरीचा माल माहीत असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

गाडी खरंच काढायचीच असेल तर कन्व्हर्टर सुटा विकून उरलेला सांगाडा गल्लीतल्या माणसाला देण्यात सगळ्यात मोठं नुकसान आरसीचं होतं, ती तुमच्याच नावावर राहते आणि उद्या त्या चेसिस नंबरवर काही भानगड झाली तर पोलीस तुमच्या दारात. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅपिंग सेंटर आहेत, तिथे गाडी दिली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, त्यावर नवीन खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये सूट मिळते, केंद्राच्या नियमात २५ टक्क्यांपर्यंत, प्रत्यक्षात राज्य ठरवेल तेवढी. तिथे गाडी पूर्ण आहे की पार्ट काढलेत हे बघूनच भाव लागतो. तेव्हा दोन-तीन सेंटरचे कोटेशन घेताना सरळ विचारा की यात कन्व्हर्टरचे किती धरलेत, नंबरचा फोटो समोर ठेवा, आणि स्क्रॅप झाल्याचं सर्टिफिकेट आणि आरसी रद्द झाल्याची नोंद हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.