फ्लाइट नंबर हा विमानाचा नंबर नव्हे

आमच्या तळकोकणात घरटी एक माणूस मुंबईत, नाहीतर आखातात. त्यामुळे विमानाबद्दलचा मेसेज इथल्या ग्रुपांवर आला की तो आधी पुढे जातो, वाचला नंतर जातो. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत एअर इंडियाचं विमान कोसळल्यापासून एक मेसेज या ना त्या रूपात फिरतोच आहे. त्याचा मतलब असा: तिकीट काढण्याआधी फ्लाइट नंबर ट्रॅकिंग अ‍ॅपवर टाका, तुम्हाला नेणारं नेमकं विमान आणि त्याचं वय दिसेल, कंपन्यांना ते महिनाभर आधी ठाऊक असतं, पण त्या लपवतात, विमान दहा वर्षांहून जुनं निघालं तर तिकीट रद्द करा, पूर्ण पैसे परत द्यावेच लागतात. आता गणपतीला येणाऱ्या मुलाचं तिकीट काढायचं झालं तरी फर्मान सुटतं, "विमानाचा वय काय ता बघून सांग."

मुळातच घोळ आहे. फ्लाइट नंबर असतो फेरीचा. कुडाळहून रात्री सुटणारी मुंबई एसटी रोज त्याच वेळेची असते, बस मात्र रोज तीच नसते; डेपोत जी सज्ज असेल ती लागते. विमानाची स्वतःची ओळख म्हणजे त्याचा नोंदणी क्रमांक. भारतीय विमानांचा 'व्हीटी'पासून सुरू होतो, ओमानच्या विमानांचा 'ए४ओ'पासून, कुवेतच्या '९के'पासून. अहमदाबादेत पडलेलं विमान होतं व्हीटी-एएनबी आणि फेरीचा नंबर होता १७१. अपघातानंतर एअर इंडियाने तो नंबर बंद केला आणि अहमदाबाद-लंडन फेरीला १५९ दिला. फेरी तीच राहिली, नंबर बदलला. अ‍ॅपवर कुठल्याही फेरीचा मागच्या आठवड्याचा इतिहास उघडून पाहा, बहुतेक दर दिवशी वेगळं रजिस्ट्रेशन सापडेल. पुढच्या महिन्याच्या तारखेसमोर फार तर विमानाचा प्रकार दिसेल.

राहिली लपवाछपवी. कंपनी महिनोन्महिने आधी ठरवते तो प्रकार: या फेरीला एअरबसचं ए३२०, त्या फेरीला पंख्यांचं छोटं एटीआर. नेमकं विमान नेमण्याचं काम तिच्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये काही दिवस आधी होतं आणि सुटायच्या तासभर आधीही बदलतं. कुठे पक्षी धडकतो, कुठे टायर बदलावा लागतो, कुठे सकाळची फेरी तीन तास रखडते आणि पुढच्या चार फेऱ्यांची साखळी तुटते. शिवाय काही बिघाड ठराविक मुदतीत दुरुस्त करण्याच्या अटीवर विमान उडवायला नियमानेच परवानगी असते, पण मग ते कुठेही पाठवता येत नाही. उदाहरणार्थ, शेपटीतलं छोटं सहायक इंजिन, ज्याला एपीयू म्हणतात, ते बंद असेल तर मुख्य इंजिनं सुरू करायला जमिनीवरचं यंत्र लागतं. ते जिथे नाही तिथे त्या दिवशी दुसरं विमान जातं. हे महिनाभर आधी कुणाला कळणार? कंपनीलाच माहीत नसेल तर ती लपवणार तरी काय.

आता यात थोडं तथ्य आहे ते कुठे, तेही सांगतो, कारण ते खरोखर कामाचं आहे. आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी विमान ओळखता येतं आणि आपल्या मोपासारख्या (गोव्याचा नवा विमानतळ) ठिकाणी तर मुंबईपेक्षा सहज. मुंबई हा मोठा तळ. तिथे कंपनीची कितीतरी विमानं उभी असतात, त्यामुळे आलेलं विमान तुमच्याच फेरीला लागेल याची खात्री नाही. ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झालेल्या मोपावर मात्र बाहेरच्या तळावरून येणारं विमान बहुतेक वेळा पाऊण तासात तेच परत फिरतं. म्हणून दुपारी मोपाहून मुंबईला जायचं असेल तर मुंबईहून मोपाला येणारी आधीची फेरी शोधा. तिचं रजिस्ट्रेशन तेच जवळजवळ नक्की तुमचं. चिपीसारख्या लहान विमानतळालाही हाच हिशोब. फक्त पहाटेच्या फेरीला तो लावू नका, तिचं विमान आदल्या रात्रीच मुक्कामाला आलेलं असू शकतं.

आणि एक, विमान नकाशावरून अचानक नाहीसं झालं म्हणून घाबरून कुणाला फोन करू नका. विमान आपला ठावठिकाणा रेडिओ लहरींनी सांगत असतं आणि अ‍ॅपवाले तो जमिनीवरच्या रिसीव्हरांवरून उचलतात, त्यातले पुष्कळ हौशी लोकांच्या घरांवर बसवलेले. या लहरी सरळ रेषेत जातात. विमान उतरताना खाली आलं, मध्ये डोंगर आला आणि जवळपास रिसीव्हर नसला की ठिपका गायब.

वयाच्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तिथे लोकांच्या भीतीचा फायदा घेतला आहे. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात लायन एअरचं बोइंग ७३७ मॅक्स समुद्रात कोसळून १८९ माणसं गेली; ते विमान कंपनीकडे येऊन तीन महिनेही झाले नव्हते. १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचं त्याच प्रकारचं, जेमतेम चार महिन्यांचं विमान पडून १५७ गेले. दोन्हींत मोठा दोष विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणाऱ्या नव्या प्रणालीचा होता. आपल्याकडे नव्या ए३२० निओच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांनी डझनावारी कोरी विमानं जमिनीवर बसवली आणि मे २०२३ मध्ये बंद पडलेल्या गो फर्स्ट या विमान कंपनीनेही याच इंजिनांकडे बोट दाखवलं. विमानाचं वय सांगणारं अ‍ॅप इंजिनाचं वय सांगत नाही. इंजिनं काढली जातात, उघडून दुरुस्त होतात आणि दुसऱ्याच विमानाला बसतात. सांगाड्याचीही ठरलेल्या मुदतींनी तपासणी होते. मोठ्या तपासणीत विमान आतून जवळपास पूर्ण सोलतात. विचारायचंच असेल तर देखभाल कशी आहे ते विचारावं, आणि ते कुठल्याच अ‍ॅपवर मिळत नाही.

प्रकार मात्र जरूर बघा. एटीआर असेल तर डोक्यावरचे कप्पे लहान असतात, आखातातून आणलेली फुगलेली हँडबॅग त्यात बसणार नाही. ए३२१ वर पस्तिसावी रांग घेतली आणि ऐनवेळी ए३२० आलं तर ती रांगच नसते, सीट बदलते. तिकिटावर एका कंपनीचं नाव आणि उडवणारी दुसरीच, असंही होतं. 'ऑपरेटेड बाय' ही बारीक ओळ वाचायची सवय ठेवा.

पूर्ण परताव्याचं तर सरळ खोटं. विमान बदलण्याचा हक्क कंपन्या आपल्या अटींतच राखून ठेवतात. फेरी रद्द झाली किंवा फार उशीर झाला तर डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे, नियम तुमच्या बाजूने आहेत, विमान जुनं आहे म्हणून नाहीत. तुम्ही स्वतःहून तिकीट रद्द केलंत तर बहुतेक वेळा त्या भाड्याच्या अटींप्रमाणे पैसे कापले जातात. तरी सरकारी कर आणि विमानतळाची वापरकर्ता फी मात्र विना-परतावा तिकिटावरही परत द्यावी लागते. तेवढी मागून घ्या, बरेच जण ती सोडून देतात.