लायनरवर डाग? ‘पावडर टाका, घासा, ॲसिड मारा’ हा सल्ला पुढे पाठवू नका

मे महिन्यात न्यू जर्सीतल्या घरामागच्या पूलांवरची हिवाळी कव्हरं निघतात आणि आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: ‘व्हिनाइल लायनरवरचा डाग म्हणजे साचलेली घाण. पाणी उपसा, डागावर क्लोरीनची पावडर टाका, तारेच्या ब्रशने घासा. नाही गेला तर म्युरिॲटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) ॲसिड. दोन तासांत लायनर नव्यासारखा.’ ही कृती टाइल्सच्या पूलवरून उचललेली दिसते. कर्जत-लोणावळ्याच्या फार्महाउसवर टाइल्सना ॲसिड मारतात, त्यांना ते सोसतं. लायनर म्हणजे पूलच्या आतून बसवलेलं जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक, तेही वर नक्षी छापलेलं.

‘डाग म्हणजे घाण.’ सगळा घोळ इथून सुरू होतो. कव्हरखाली ओकची पानं महिनोन्‌महिने कुजली की त्यांच्यातलं टॅनिन उतरतं आणि तपकिरी-हिरवट डाग पडतो. हा सेंद्रिय डाग. पाण्यात क्लोरीन नीट राखलं आणि अधूनमधून नायलॉनचा ब्रश फिरवला, तर तो बहुधा काही दिवसांत आपोआप फिका होतो. गंजासारखा तांबूस डाग लोहाचा, निळा-हिरवा तांब्याचा, जांभळट काळा बहुधा मँगनीजचा. विहिरीच्या पाण्यावर पूल भरणाऱ्यांना लोहाचा त्रास जास्त. साउथ जर्सीच्या पाइन बॅरन्स या जंगलपट्ट्यात तर जमिनीतल्या पाण्यात इतकं लोह, की तिथल्या दलदलीत साठलेल्या खनिजावर १७६६ पासून बॅट्स्टोची लोखंडाची भट्टी चालली. तांबं येतं ते शेवाळ मारायच्या ताम्रयुक्त औषधातून, नाहीतर पाणी आम्लधर्मी राहून हीटरची नळी झिजल्यामुळे.

आता गंमत बघा. जे क्लोरीन पानांचा डाग घालवतं, तेच पाण्यात विरघळलेल्या लोहाचं ऑक्सिडीकरण करून त्याला लायनरवर बसवतं. म्हणजे मेसेजमधला उपाय निम्म्या लोकांचा डाग घालवेल आणि उरलेल्यांचा आणखी गडद करेल. ओळखायची युक्ती स्वस्त आहे: व्हिटॅमिन सीची गोळी अर्धा-एक मिनिट डागावर दाबून धरा. तेवढी जागा उजळली, तर डाग धातूचा.

मग उपाय त्याच जिनसाचा, फक्त मोठ्या मापात. क्लोरीन आधी जवळजवळ शून्यावर येऊ द्यायचं, कारण ते आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजेच व्हिटॅमिन सी) एकमेकांना खाऊन टाकतात. दहा हजार गॅलनला साधारण अर्धा ते एक पौंड पावडर लागते. डाग गेला तरी लोह गेलेलं नसतं, ते पुन्हा पाण्यात उतरलेलं असतं. म्हणून धातूला पाण्यातच विरघळलेला धरून ठेवणारं, दुकानात ‘मेटल सिक्वेस्टरंट’ म्हणून मिळणारं औषध लगेच घालायचं आणि क्लोरीन हळूहळू वाढवायचं. घाई केली की डाग परत.

‘पाणी उपसा.’ अजिबात नको. लायनर जागच्या जागी बसतो तो पाण्याच्या वजनाने. जुन्या लायनरमधला मऊपणा उडालेला असतो. तो रिकामा झाला की आक्रसतो, परत भरताना कोपऱ्यात ताणून फाटू शकतो. बाहेर भूजल वर असेल तर लायनर फुगून वर येतो, वेळेला भिंतही आत कलते. वरचे सगळे उपाय भरलेल्या पूलमध्येच करायचे असतात.

‘पावडर थेट डागावर.’ न विरघळलेले दाणे तळाशी बसले, की तिथला छापील रंग उडतो, आणि तो पांढरा ठिपका कायमचा. पावडर आधी बादलीभर पाण्यात विरघळवून घ्या.

तारेच्या ब्रशबद्दल एवढंच: तो ओरखडे पाडतो, आणि तुटून पडलेल्या तारा तळाशी गंजून नवे डाग देतात.

ॲसिडचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, जिवावर बेतणारा आहे. क्लोरीनच्या पावडरीवर म्युरिॲटिक ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड. उपसलेल्या पूलच्या खड्ड्यात तो तळाशीच साठणार, आणि घासणारा माणूसही तिथेच वाकलेला असणार. पाण्याचा पीएच उतरवायला हेच ॲसिड भरलेल्या पूलमध्ये मोजून घालतात, ती गोष्ट वेगळी.

‘नव्यासारखा’ या वचनाला एक डाग कधीच जुमानत नाही: गुलाबी-जांभळा, कडा पसरट. तो वरचा नसतोच. लायनरमागच्या ओलसर मातीत वाढणारे सूक्ष्मजीव रंगद्रव्य तयार करतात आणि ते प्लास्टिकमधून झिरपत वर येतं. क्लोरीनने थोडे दिवस फिका पडतो, पुन्हा उमटतो. कितीही घासलं तरी मुळाला हात लागत नाही. लायनर बदलायची वेळ येईल तेव्हा मागची जागा साफ करून, पाणी का साचतं ते बघावं. तोवर पोहायला हरकत नाही. डागाळलेला लायनरही पाणी तितकंच धरतो, आणि निव्वळ डागापायी हजारो डॉलर घालून तो बदलायला सांगणाऱ्या कंत्राटदाराला मी तरी आधी गळती दाखव म्हणेन.