विनोदवीरांची नावं तलावपाळीवर हवीत

आमच्या ठाण्यातल्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक वाद पेटलाय. एका बाजूचं म्हणणं असं, की शरद तळवलकर, राजा गोसावी, दामूअण्णा मालवणकर यांच्यासारखा निर्मळ विनोद आता उरला नाही, टीव्हीवर नुसते साड्या नेसलेले पुरुष नाचतात. दुसरी बाजू म्हणते, जुन्यांची उगाच पूजा नको, त्यातले बायकांवरचे कितीतरी विनोद आज ऐकवत नाहीत. मी मँचेस्टरमध्ये बसून हे सगळं वाचते आणि मला दोघांशीही भांडावंसं वाटतं.

आधी साडीचं बोलू. विजय चव्हाणांची 'मोरूची मावशी' आम्ही सगळ्यांनी गडकरी रंगायतनला पाहिली. आई तोंडात पदर कोंबून हसत होती आणि शेजारच्या खुर्चीतले अनोळखी आजोबा हसता हसता बाबांच्या मांडीवर थापा मारत होते. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभे असतानाही लोक एकमेकांना मावशीची चाल करून दाखवत होते. नाटक आचार्य अत्र्यांचं, पण त्याचं मूळ ब्रँडन थॉमस यांच्या 'चार्लीज आंट' या 1892 सालच्या इंग्रजी प्रहसनात. म्हणजे जुना, आपला, सोवळा म्हणून ज्या विनोदाचा दाखला देतो, त्यातही पुरुष साडी नेसूनच उभा होता आणि तो आला होता विलायतेहून. प्रश्न साडीचा नाहीच. विजय चव्हाण ती नेसून काय करायचे, हा प्रश्न आहे.

निर्मळपणाचंही तसंच. दादा कोंडके गिरणगावातले, अपना बाजारमध्ये नोकरी केलेले. ढगळ अर्धी चड्डी, लोंबणारी नाडी आणि द्व्यर्थी संवाद. नौपाड्यातल्या आमच्या पांढरपेशा घरात त्यांचं नाव काढलं की काकू नाक मुरडायची. माझा मामा वागळे इस्टेटीत पाळी संपवून थेट त्यांच्या सिनेमाला जायचा. ते दोघे एकाच काळात जगत होते. मग 'तो काळ' नेमका कोणाचा धरायचा?

दुसऱ्या बाजूचा मुद्दा मला निम्मा मान्य आहे. काही विनोद शिळे झाले, मुलींसमोर ते लागले की मीही गप्प बसते. पण तेवढ्यासाठी अख्खा माणूस अडगळीत टाकायचा हे मला पटत नाही. इथे जन्मलेली माझी मुलं 'अशी ही बनवाबनवी' बघतात. अर्धे शब्द त्यांच्या डोक्यावरून जातात, तरी अशोकमामा खोटं बोलण्याआधी जो क्षणभर थांबतात, तिथे त्यांना बरोबर हसू फुटतं. तो थांबा बँकेची नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं रंगभूमीवर घासूनपुसून आलेला आहे. राजा गोसावींचंही तेच. 'लाखाची गोष्ट' 1952 ची. पुण्याच्या भानुविलासला तो सिनेमा लागला, तेव्हा त्याचा हा नायक तिथेच बुकिंगच्या खिडकीत बसून तिकिटं विकत होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो भाबडा, गांगरलेला भाव बघताना मला ती खिडकी आठवते.

इथल्या लोकांनी आपल्या विनोदवीरांचं काय केलंय, ते सांगते. ब्लॅकपूलच्या टॉवरसमोर, समुद्राला लागून, 2011 मध्ये त्यांनी जमिनीतच एक प्रचंड फरसबंदी केली. काँक्रीटमध्ये ग्रॅनाइटची अक्षरं बसवलेली. हजारावर विनोदी नटांची आणि लेखकांची नावं, त्यांची गाजलेली वाक्यं. लोक त्यावरून मान खाली घालून चालतात, मध्येच थबकतात, मोठ्याने वाचतात. मी गेले तेव्हा एक म्हातारी बाई नातवाला एका वाक्यावर उभं करून त्या नटाची नक्कल करून दाखवत होती. पोराला तो नट माहीत असणं शक्यच नव्हतं, पण आजीची नक्कल बघून ते खो खो हसत होतं.

म्हणून यांचं सगळं छान आहे असं नाही. बीबीसीने एके काळी टेपा पुसून पुन्हा वापरल्या. 'डॅड्स आर्मी' या लाडक्या मालिकेचे 1969 चे तीन भाग कायमचे गेले. पण संहिता शिल्लक होत्या, म्हणून 2019 मध्ये नव्या नटांना घेऊन ते तीन भाग पुन्हा उभे करता आले. नटाची लकब गेली, लेखकाचा कागद टिकला.

आपल्या वादात मला हाच कागद कुठे दिसत नाही. ग्रुपवर दोन दिवसांत डझनभर नटांची नावं आली, लेखक एकही नाही. 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य वसंत सबनीसांचं. दादांचा 'सोंगाड्या' त्यांनी लिहिला आणि 'बनवाबनवी'सुद्धा त्यांचीच. दादांचा बेरकी भोळेपणा आणि अशोकमामा-लक्ष्याची ती धांदल एकाच लेखणीतून उतरली, हे ठाण्यातल्या किती घरांत माहीत आहे? लक्ष्मीकांत बेर्डे 2004 मध्ये पन्नाशीत गेले, तेव्हा आम्ही सगळे रडलो. सबनीस कधी गेले, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही.

ठाण्याकडे तर यासाठी आयती जागा आहे. मासुंदा तलावाच्या काठचं आपलं रंगायतन 1978 पासून ज्यांच्या नावाने उभं आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' या नावाने महाराष्ट्राला पोट धरून हसवलं. रंगायतनचं नूतनीकरण होऊन ते 2025 मध्ये पुन्हा उघडलं. आता महापालिकेने तलावपाळीचा, म्हणजे या तलावाकाठचा, पदपथ घ्यावा आणि त्यात आपल्या हसवणाऱ्यांची नावं दगडात बसवावीत. तमाशातले सोंगाडे, नाटकवाले, सिनेमावाले, आजच्या टीव्हीवरची पोरंसुद्धा, आणि प्रत्येक नटाशेजारी त्याचा लेखक. संध्याकाळी फिरायला येणारी सगळी ठाणेकर मंडळी ती वाचतील, पोरांना थांबवून नकला करून दाखवतील.

भावंडांनो, वाद घालायचाच असेल, तर पहिला दगड कोणाच्या नावाचा यावर घाला. काकूचं मत तळवलकरांना पडणार, मामाचं दादांना. माझं वसंत सबनीसांना.