तलावांचा टक्का पाठ, मग मिठीचा मीटर का नाही?

जुलै लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर दादाचा रोज सकाळी मेसेज येतो, भातसा इतके टक्के, तानसा ओसंडला, मोडकसागर भरत आला. मी यॉर्कला राहते, इंग्लंडच्या उत्तरेला, तरी तो आकडा बघितल्याशिवाय चैन पडत नाही, मुंबईत वाढलेल्या माणसाला सात तलाव म्हणजे घरचेच. सातही भरले की 14.47 लाख दशलक्ष लिटर. महापालिका हा आकडा रोज देते, आधीच्या वर्षांच्या त्याच तारखेच्या आकड्यासकट, त्यामुळे पाणीकपात लागली तर का लागली हे रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं. हे आपल्याकडे खरंच छान चालतं.

मग जे कौतुक तलावांचं होतं ते मिठी नदीचं का नाही?

19 ऑगस्ट 2025 ला मिठी 3.9 मीटरवर गेली, कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधून लोकांना हलवलं. मला हे इथे बातमीत कळलं. दादा कुर्ल्यातच, त्याला फोन लावून विचारलं की दोन तासांपूर्वी किती होती, अजून चढतेय का, तर म्हणाला अगं ते कोण सांगणार, आम्ही पायरी बघतो. चाळीच्या जिन्याची तिसरी पायरी बुडाली की मेन स्विच बंद करायचा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हाही आमची मोजपट्टी हीच पायरी होती.

इथे यॉर्कमध्ये औस नदी दरवर्षी काठावर चढते. शहरात एन्व्हायर्नमेंट एजन्सीचं एक माप आहे, व्हायकिंग रेकॉर्डर म्हणतात त्याला, त्याचा आलेख फोनवर कुणालाही दिसतो, पाणी चढतंय की उतरतंय ते, आणि नोव्हेंबर 2000 मध्ये 5.4 मीटरवर गेलं होतं तेही. नदीकाठचे दुकानदार तो बघून सामान वर हलवतात. घर घ्यायच्या आधी आम्ही पोस्टकोड टाकून पूरनकाशा बघितला, साध्या वेबसाइटवर, फुकट. आपल्याकडेही निळी आणि लाल पूररेषा असते, 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदाची लाल, पण फ्लॅट बघायला गेल्यावर बिल्डरला ही रेषा कुठून जाते असं विचारणारा माणूस माझ्या ओळखीत तरी एकही नाही.

दादाचं म्हणणं, तुमची औस आणि आमची मिठी यांची तुलनाच होत नाही, आणि ते बरोबर आहे. औसला डोंगरातलं पाणी यायला बराच वेळ लागतो, लोकांना सावरायला सवड मिळते. मिठी जेमतेम 18 किलोमीटरची, विहार-पवईच्या ओव्हरफ्लोपासून माहीमच्या खाडीपर्यंत, वाटेत विमानतळाच्या रनवेखालून जाते, आणि वर भरती असेल तर पाणी समुद्रात जाईना, ओहोटी लागेपर्यंत तसंच तुंबून राहतं. पण मला वाटतं म्हणूनच तर मिठीला आलेख जास्त हवा, भरतीच्या वेळेसकट, दर पंधरा मिनिटांनी, मागच्या सगळ्या पावसाळ्यांसकट. पावसाचे आकडे महापालिका वॉर्डावॉर्डातून देतेच की.

गाळाचंही तेच. मे 2025 मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळउपशात 65 कोटींच्या कथित घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला. कोर्टात काय व्हायचं ते होईल, पण पात्राची खोली उपशाच्या आधी किती आणि नंतर किती हे नकाशावर लोकांसमोर असतं तर ट्रक मोजत बसायची वेळच आली नसती.

इकडे सगळं स्वच्छ आहे असं मी म्हणतच नाहीये. 2023 मध्ये इंग्लंडच्या नद्या-किनाऱ्यांत 36 लाख तास सांडपाणी सोडलं गेलं, पाणी कंपन्यांनीच, लाज वाटावी असा आकडा. पण हा आकडा मिळाला कारण सांडपाण्याच्या तोंडांवर मीटर बसवणं सक्तीचं झालं, आणि तो हातात घेऊन लोक भांडतायत, नुसती नदी घाण आहे म्हणून नाही.

आणि जमिनीखालचं पाणी तर कुणाच्या खिजगणतीतच नाही. एप्रिल 2025 मध्ये टँकरवाल्यांनी संप केला, वाद भूजल उपशाच्या परवान्यांचा, आणि चार दिवसांत सोसायट्यांचे हाल झाले. टँकरचा भाव सगळ्यांना पाठ, पण ज्या विहिरीतून तो भरतो तिची पातळी दहा वर्षांत किती खाली गेली हे कुणी विचारत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी मोजते, वर्षातून चार वेळा, ते काम मोलाचंच आहे. पण मुंबईत इमारतीगणिक बोअर मारलेले असताना तेवढ्यावर भागत नाही. इंग्लंडच्या दक्षिणेला चिलग्रोव्ह नावाच्या गावात एक विहीर आहे, तिची पातळी 1836 पासून मोजतायत. सुरुवातीला कसले सेन्सर आणि कसलं काय.

हे चिलग्रोव्हचं मी ग्रुपवर टाकलं तेव्हा दादा काहीच बोलला नाही. परवा त्याने फोटो पाठवला, आत्याच्या चेंबूरच्या सोसायटीतली जुनी विहीर, दोरीला वजन बांधून आत सोडलेलं, आणि वहीत लिहिलंय, काठापासून पाणी 4 मीटर 20 सेंटिमीटर. दर महिन्याच्या 1 तारखेला मोजणार म्हणाला, आणि वॉचमनलाही शिकवून ठेवलंय.