पडावं, पण बेतानं

पक्ष्यानं उडावं, ही जगाची साधी अपेक्षा. आम्हा रोलर कबुतरं पाळणाऱ्यांना तेवढ्यानं भागत नाही. आमच्या कबुतरानं उडता उडता मध्येच पडावं लागतं. उलट्या कोलांट्या घेत, गरगरत सरळ खाली यावं आणि ऐन वेळी सावरून मुकाट थव्यात जावं. हे अंगातच असावं लागतं, शिकवून येत नाही. डार्विननं स्वतः कबुतरं पाळली होती आणि १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात या आनुवंशिक खोडीची नोंदही केली. त्याचे शेजारी त्याच्याबद्दल काय बोलत असतील, याचा मला चांगला अंदाज आहे.

खरा घोर जोड्या लावताना. अजिबात न पडणारं कबूतर कुठल्याही वळचणीला फुकट मिळतं. फार पडणारं जमिनीवर आपटून संपतं. म्हणून जास्त पडणाऱ्या नराला जरा कमी पडणारी मादी बघायची. पत्रिका नसली तरी पणजोबांपर्यंतची वही असते: ‘आजोबा खोल, आजी आखूड, मामा छपरावर आपटून वारला.’ एवढं जुळवून दोघांना एका खणात ठेवावं, तर मादी पाठ फिरवून बसते आणि पलीकडच्या खणातल्या, जन्मात एक कोलांटी न घेतलेल्या नरावर जीव टाकते.

जमलंच तर दोन अंडी. दिवसाचा बराच वेळ नर बसतो, रात्रभर मादी. अठराएक दिवसांनी पिल्लं निघतात आणि दोघंही त्यांना गळ्याच्या पिशवीतलं दूध भरवतात. हो, बापसुद्धा! ही माहिती मी उत्साहानं घरात सांगितली. ‘बघा, शिका काहीतरी,’ बायको म्हणाली. तेव्हापासून शास्त्रीय माहिती मी ढाबळीतच ठेवतो.

मग पिल्लू कधी पडतंय याची वाट बघायची. त्यात महिने जातात. आधी ते हवेत शेपटी पसरून नुसतं मागं रेलतं. मग एखादी कोलांटी. पोराचं पहिलं पाऊल पाहिल्यासारखा मी टाळ्या वाजवतो.

स्पर्धेत मात्र एकट्यादुकट्याच्या पडण्याला किंमत नाही. वीसेकांच्या थव्यातली निदान पाच एकाच वेळी गरगरली, तरच गुण. आणि मुदत वीस मिनिटांची. पंच वर बघतात, मी वर बघतो, माना आखडतात. आदल्या संध्याकाळी कुणी बघत नसताना धडाधड कोसळणारा थवा आज शिस्तीत गोल फिरतो. मुदत संपते. पंच वही मिटून वळतात आणि वर अख्खाच्या अख्खा थवा एकदम गरगरतो!

‘अहो, वर बघा, वर!’

पंच सावकाश मान वर करतात. तोवर सगळी सावरून सरळ रेषेत निघालेली.

‘छान उडतात हो तुमची कबुतरं,’ पंच म्हणतात.