तुमचं बरं आहे हो, दिवसभर बागेत!

गेल्या रविवारी एक गृहस्थ मला म्हणाले, "तुमचं बरं आहे हो, दिवसभर बागेत." हे ते म्हणाले आम्ही नव्याने बी टाकलेल्या लॉनच्या बरोब्बर मधोमध उभं राहून. मागे पोराच्या वाढदिवसाच्या फुग्यांची कमान, पायाखाली तीन आठवड्यांचं कोवळं गवत, आणि आम्ही चारी बाजूंनी बांधलेली दोरी? ती फुगे बांधायला घेतली होती. "नुसतीच होती म्हणून घेतली." नुसतीच!

तर तेव्हाच ठरवलं की ज्यांना ज्यांना ही बरी नोकरी हवीय त्यांच्यासाठी चार सल्ले लिहून ठेवावेत. सार्वजनिक बागा, मैदानं, खेळणी, स्विमिंग पूल असं सगळं सांभाळणाऱ्या मॅनेजरची नोकरी. हवा स्वच्छ, पक्षी गातायत, ताण शून्य. या, या, सावलीत बसा.

पहिला सल्ला. गवताचा, मातीचा, झाडांचा अभ्यास करून वेळ घालवू नका. इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या घरी एक कुंडी आहे, त्यामुळे सगळ्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

सुट्टी: जगाला ज्या दिवशी सुट्टी, तो तुमचा फुल डे. पुढे.

खेळण्यांचं मात्र जरा नीट सांगतो, कारण इथे तुम्हाला भरपूर 'आराम' मिळणार आहे. सकाळी गेट उघडायच्या आधी सगळी खेळणी फिरून बघायची. झोक्याच्या साखळीची कडी झिजलीय का, नट सैल झालाय का, घसरगुंडीला कुठे फट पडलीय का. शिडी-कठड्यांच्या फटी मोजायच्या, कारण साधारण ९ ते २३ सेंटीमीटरची फट म्हणजे सापळा, पोराचं अंग पायाकडून आरपार जातं आणि डोकं अडकतं. मग झोक्याखालचे लाकडाचे चिप्स. ते २३ सेंटीमीटर जाड असले तर साधारण ३ मीटरवरून पडणाऱ्याचं डोकं वाचायची आशा असते, पण पोरं पाय घासून घासून नेमकी झोक्याखालीच खड्डा करतात, आणि उरलेले चिप्स दबत दबत पाऊण थरावर येतात. म्हणून रोज दाताळं घेऊन सारखं करायचं. हे सगळं आवरून तुम्ही घाम पुसत उभे असता तेव्हा एक ताई येऊन विचारतात, "हा कचरा का टाकलाय मुलांच्या पायाखाली? छान टाइल्स का नाही बसवत?" तुम्ही हसायचं. हसणं हा नोकरीचा भाग आहे.

बदकं: 'ब्रेड टाकू नये' अशी पाटी लावा. पाटीखाली उभं राहून ब्रेड टाकायला लोकांना बरं पडतं.

झाडांच्या बाबतीत एकच करा, अर्जांची फाईल जाड ठेवा. एकाच दिवशी एकाच झाडाबद्दल दोन अर्ज येतात. एकात पानं फार पडतात, शेंडा उडवा. दुसऱ्यात बाकावर ऊन येतं, सावली वाढवा. (एकदा दोन्ही अर्ज एकाच घरातून आले होते, नवरा-बायकोचे. मी मध्ये पडलो नाही.) शेंडा उडवला की जखम कुजते, खालून भराभर लांबलचक फुटवे फुटतात, ते खोडाला नीट धरलेले नसतात आणि पुढे वाऱ्यात तेच मोडून पडतात, हे समजावून सांगा. उत्तर येईल, "आमच्या मागच्या झाडाचा उडवलेला, काही झालं नाही." ते मागचं झाड आता कुठे आहे, विचारू नका.

स्विमिंग पूल. "क्लोरीनचा वास फार येतो, कमी टाका," ही तक्रार आठवड्यातून एकदा तरी येणारच. आता हे नाजूक आहे, कसं सांगावं... तो नाकात जाणारा वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. तुमचा घाम, तुमचं अंगाला फासलेलं क्रीम आणि तुम्ही पाण्यात हळूच केलेली जी गोष्ट कोणीच कबूल करत नाही, त्यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतं, वास त्याचा. डोळे त्यानेच लाल होतात. म्हणजे वास आला की बहुतेक वेळा क्लोरीन वाढवावं लागतं. आणि आत जाण्याआधी शॉवर घ्या ही पाटी आम्ही भिंत सजवायला लावलेली नाही. पोट बिघडलेलं पोर कोणी पूलमध्ये सोडलं आणि व्हायचं ते झालं, तर सगळ्यांना बाहेर काढून, पाण्याचा पीएच (म्हणजे आम्लता) सांभाळून, क्लोरीन २० पीपीएमला (दहा लाख भाग पाण्यात २० भाग) नेऊन तब्बल १२ तास ४५ मिनिटं तसंच ठेवावं लागतं, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू नेहमीच्या क्लोरीनला भीक घालत नाही, आठवडाभरसुद्धा टिकतो. त्या १२ तास ४५ मिनिटांत मला फोन किती येतात आणि काय काय ऐकायला मिळतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चौथा सल्ला. (की सहावा? जाऊ दे.) लॉन.

बी टाकलं की लॉन बंद ठेवायचं. दिसायला हिरवं दिसतं म्हणून लोकांना वाटतं झालं तयार. अहो, वर दिसतं ते पातं, खाली मूळ अजून बोटभरही गेलेलं नसतं, म्हणून दोरी सहा-आठ आठवडे. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते, हवेची आणि पाण्याची. मूळ त्या पोकळीतून जातं. ओल्या मातीवर पन्नास माणसं नाचली की पहिल्या काही फेऱ्यांतच ती पोकळी मिटते, मग वरून पाणी घातलं तर साचतं, ऊन पडलं तर फरशी होते. रविवारी सकाळीच आम्ही पाणी दिलं होतं. माती लोण्यासारखी झालेली. आणि त्यावर कमान, दोन टेबलं, स्पीकर, पोरांची धावाधाव आणि एक जंपिंग कॅसल. जंपिंग कॅसल! ते उडू नये म्हणून त्याला फूटभर लांबीच्या खुंट्या ठोकल्या, हातोडीने, विचारायचं कोणाला? खाली सहा इंचांवर स्प्रिंकलरचा पाइप. चौथी खुंटी थेट पाइपात. जे कारंजं उडालं त्यात पोरं नाचली, मोठ्यांनी व्हिडिओ काढले, आणि आमचे माळीकाका व्हॉल्व्ह बंद करायला चिखलातून पळताना घसरून पडले तेव्हा लोक हसले. माळीकाका साठीचे आहेत. हे सगळं झाल्यावर मी तिथे पोचलो, तर ते गृहस्थ काय म्हणाले ते वर सांगितलंच आहे.

थांबा, संपलं नाही.

मंगळवारी वरून मेल. बागेबद्दल तक्रार आलीय, दोन दिवसांत लेखी खुलासा द्या. तक्रार अशी, की लॉन अर्धं कायम दोरी लावून बंद असतं, उरलेल्या अर्ध्यात चिखल असतो, पाइप फुटके असतात, व्यवस्थापनाचं लक्ष नाही. पुरावा म्हणून फोटो जोडलाय. फोटोत चिखल आहे, फुटका पाइप आहे आणि कोपऱ्यात गुलाबी फुग्यांची अर्धी कमान आहे. आमच्या दोरीने बांधलेली.

खुलासा लिहायला बसलो. 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथपर्यंत गेलो आणि चहा घ्यायला उठलो.

तसं हे काही आजचं नाही म्हणा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा सुपरिंटेंडंट म्हणून ऑल्मस्टेड १८५७ मध्ये लागला, पुढच्या वर्षी व्हॉक्स नावाच्या आर्किटेक्टच्या जोडीने त्या पार्कच्या आराखड्याची स्पर्धाही जिंकला, म्हणजे आमच्या धंद्यातला एकदम मोठा माणूस. तर त्यालासुद्धा लोकांना बाग कशी वापरायची हे समजावायला रखवालदार नेमावे लागले, आणि वर पैशा-पैशाचा हिशेब मागणाऱ्यांशी भांडून राजीनामे द्यावे लागले. त्याच पार्कात शीप मेडो नावाचं मोठं कुरण आहे. तिथे १९३४ पर्यंत खरोखरच्या मेंढ्या चरायच्या, जवळजवळ सत्तर वर्षं. कुरण टिकलं. मेंढ्या गेल्या, मग मोठमोठे कार्यक्रम सुरू झाले, हजारो माणसं आली आणि १९७० च्या दशकात त्याच कुरणाचं धुळीचं मैदान झालं. शेवटी सगळं नव्याने करावं लागलं. म्हणून माझा सल्ला, भरती करताना मेंढ्यांना प्राधान्य द्या. दोरी खातील फार तर, पण ती घेऊन तिला फुगे बांधणार नाहीत.

बरं, आता सल्ले पुरे, त्या गृहस्थांशी सरळच बोलतो. दोरी दिसली होती ना? तिच्यावर पाटी होती, मोठ्या अक्षरात, 'नवीन गवत, कृपया आत जाऊ नये'. वाचता येत होतं ना? बाजूला मोकळं मैदान होतं, परवानगीचा एक कागद भरला असता तर टेबलं आम्हीच मांडून दिली असती, वीज दिली असती, खुंट्या कुठे ठोकायच्या ते दाखवलं असतं. तेवढा एक कागद जड झाला तुम्हाला. आणि लाज नाही वाटली तेव्हा नाहीच वाटली, पण दोन दिवसांनी स्वतःच केलेल्या चिखलाचा फोटो काढून माझ्या नावाने तक्रार? ज्या पोराचा वाढदिवस होता ते पोर सगळं बघत होतं हो. त्याने विचारलंसुद्धा, "बाबा, इथे जायचं नाही असं लिहिलंय ना?" मी ऐकलंय. तुम्ही काय म्हणालात तेही ऐकलंय. "काही होत नाही रे."

झालं. पाइप बदलला, माती परत उकरली, बुधवारी परत बी टाकलं. माळीकाकांचं मनगट सुजलंय, तरी त्यांनीच दोरी बांधली, या वेळी दुहेरी गाठ मारून. आठ आठवडे. तोवर आत पाय टाकाल तर खबरदार.